चित्रपुस्तकाचे अध्यापन आणि शिक्षकांच्या चित्रफिती

गेल्या पाचसहा वर्षांत मराठी शाळांतील शिक्षकांनी मुलांसाठी चित्रपुस्तके वाचून दाखविणाऱ्या ज्या असंख्य चित्रफिती तयार केल्या, त्यांच्याकडे एक कला म्हणून कोणी गंभीरपणे पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांची मोजदाद झाली, तालुक्याच्या अहवालांतून त्यांच्या लिंकांची नोंद झाली, केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांपैकी काहींचे कौतुकही झाले. परंतु नाटकाच्या प्रयोगाची किंवा गाण्याच्या मैफलीची आपण ज्या आस्थेने चिकित्सा करतो, ती आस्था या प्रयत्नांच्या वाट्याला आली नाही. प्रस्तुत लेखात ती चिकित्सा करताना माझा रोख चित्रफीत पाहणाऱ्या मुलांपेक्षा ती करणाऱ्या शिक्षकाकडे आहे: मोबाइल तिवईवर लावून, पुस्तक हाती घेऊन जो शिक्षक वाचायला बसतो, त्याला त्या खटाटोपातून चित्रपुस्तक शिकविण्याची विद्या कितपत साधते, हा माझ्यापुढील प्रश्न आहे. माझे मत असे की ती उत्तम साधू शकते. किंबहुना इतक्या अल्प खर्चात इतके सूक्ष्म शिक्षण देणारे दुसरे साधन आपल्या अध्यापक विद्यालयांपाशी आज नाही. मात्र या साधनाचा निम्मा उपयोग, म्हणजे मुलांसह वाचताना स्वतःला पाहणे आणि मुलांचे बोलणे पुन्हा ऐकणे, आपण जवळजवळ टाकून दिला आहे.

या चित्रफितींचे गुणदोष कळण्यासाठी प्रथम चित्रपुस्तकाची घडण ध्यानात घ्यावी लागते. १६५८ साली न्युरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या कोमेनियसच्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्र शब्दाच्या सेवेला होते. वस्तूचे नाव आणि तिची आकृती समोरासमोर ठेवून भाषा शिकवावी, हा त्याचा हेतू, आणि आपल्या अंकलिप्याही त्याच घराण्यातल्या. विसाव्या शतकातील चित्रपुस्तकाने मात्र शब्द आणि चित्र यांच्यात कामाची वाटणी केली, आणि पुष्कळदा ती अशी केली की एकाने जे सांगावे ते दुसऱ्याने बुद्ध्याच झाकून ठेवावे. पॅट हचिन्स या इंग्रज लेखिका-चित्रकर्तीचे १९६८ सालचे ‘रोझीज वॉक’ हे याचे सर्वमान्य उदाहरण होय. त्यातील सगळा मजकूर ३२ शब्दांचा आणि एकाच वाक्याचा: रोझी नावाची कोंबडी अंगण, तळे, गवताची गंजी, पिठाची गिरणी, कुंपण आणि मधमाश्यांच्या पेट्या या वाटेने फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते. चित्रांत आरंभापासून तिच्या मागावर एक कोल्हा आहे आणि मजकुरात त्याचा उच्चारही नाही. एका दुपानी चित्रात तो झेप घेताना दिसतो. पान उलटले की पुढच्या निःशब्द चित्रात दाताळ्याचा दांडा त्याच्या तोंडावर आदळलेला असतो, किंवा तो तळ्यात पडलेला असतो. रोझीला यातले काहीच ठाऊक नाही. ठाऊक आहे ते केवळ पाहणाऱ्या मुलाला, आणि ते त्याला कोणी सांगितलेले नसून त्याने स्वतः हेरलेले आहे.

आता हे पुस्तक मोबाइलसमोर वाचायला बसलेल्या शिक्षकाची कल्पना करावी. त्याने कॅमेरा आधीच दाताळ्यावर नेला, तर मुलाने करावयाचा शोध त्यानेच केला. तो कोंबडीवर खिळवून ठेवला, तर कोल्हा चौकटीबाहेर राहिला. पान लगबगीने उलटले, तर पुढे काय होणार याचा अंदाज बांधायला अवकाश उरला नाही. आणि ‘बघा, बघा, कोल्हा आला!’ असे उत्साहाच्या भरात म्हटले, तर लेखिकेने ३२ शब्दांच्या संयमाने जे साधले होते ते एका उद्गारात उधळले गेले. पाठटाचणात ‘चित्रनिरीक्षण’ एवढा एक शब्द लिहून जे निर्णय टाळता येतात, ते चित्रफीत करताना एकेका पानापाशी घ्यावेच लागतात: नजर कोठे न्यावी, किती वेळ ठेवावी, कोठे बोलावे आणि कोठे ओठ मिटावेत. ज्याने हे निर्णय स्वतः घेतले, तो वर्गात पुस्तक उघडण्यापूर्वीच त्याचा चांगला वाचक झालेला असतो. चित्रफितीचे पहिले शिक्षणमूल्य माझ्या मते याच सक्तीत आहे.

पुस्तकाच्या आकाराची बाबही अशीच. मॉरिस सेंडाकच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात आरंभीची चित्रे कोऱ्या पांढऱ्या जागेत लहानशी असतात; मॅक्स या बालनायकाच्या खोलीत अरण्य माजू लागते तसतशी ती वाढतात, पाने व्यापतात, आणि धिंगाण्याच्या प्रसंगी सलग तीन दुपानी चित्रांतून शब्द समूळ नाहीसे होतात. मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक चित्र चौकट भरून दाखविणाऱ्या चित्रफितीत ही वाढ मुळी शिल्लकच राहत नाही, कारण तेथे लहान चित्रही मोठे होऊन बसते. म्हणून पुस्तकाच्या कडा, ते धरलेले हात, पान उलटणारी बोटे हे सर्व दिसू देणारी साधी चित्रफीत मला पीडीएफच्या पानांवर आवाज चढविलेल्या सफाईदार चित्रफितीहून सरस वाटते. पहिलीत पुस्तक ही वस्तू राहते. दुसरीत उरते ती नुसती दृश्यमाला.

कॅमेऱ्याने पुस्तक वाचण्याची कला काही आजची नव्हे. अमेरिकेतील मॉर्टन शिंडेल यांनी १९५३ मध्ये कनेक्टिकट राज्यात ‘वेस्टन वूड्स’ ही संस्था काढली, आणि मूळ चित्रांना कृत्रिम हालचाल न देता केवळ कॅमेरा त्यांवरून फिरवून पुस्तकाचा चित्रपट करण्याची पद्धत रूढ केली. रॉबर्ट मॅक्लॉस्कीचे १९४१ सालचे ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ त्याच रीतीने पडद्यावर आले. १९६५ पासून बीबीसीच्या ‘जॅकनोरी’ने नामवंत नटांकडून मुलांना गोष्टी वाचून दाखविल्या. ही परंपरा मोठी आहे. परंतु तीत वाचणारा नट, कॅमेरा फिरविणारा तंत्रज्ञ, आणि शिक्षक केवळ दूरचित्रवाणीचा खटका दाबणारा. आपल्याकडेही शिक्षकाचे या माध्यमाशी नाते आरंभी असेच जुळले. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचले आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षणही मिळाले, पण त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्था उभी राहिली आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. ती चालू असती, तर तीनच वर्षांनी जेव्हा खेड्यापाड्यांतील शिक्षकांवर कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची पाळी आली, तेव्हा त्यांना विचारायला एक जाणते ठिकाण राहिले असते, ही खंत नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.

चित्र हाती धरून समुदायासमोर कथा उलगडण्याची विद्या आपल्याला परकी नव्हतीच. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची जी परंपरा जतन केली, तीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरीत सूत्रधार वाद्यांच्या साथीने कथा गातो आणि सांगतो. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यावर शहरी वाचकांनाही तिची वार्ता लागली. चित्र केव्हा पुढे आणावे, किती वेळ समोर ठेवावे, आवाज कोठे उतरवावा, हे पाहण्यासाठी अध्यापक विद्यालयांची एखादी सहल पिंगुळीला जावी असे मला फार वाटते. तथापि दोहोंत एक भेद आहे, तो विसरून चालत नाही. चित्रकथीतील कथा श्रोत्यांना ठाऊक असते आणि चित्र तिला साक्ष देते. चित्रपुस्तकातील चित्र अर्धी कथा स्वतःपाशी राखून ठेवते, म्हणून तेथे सूत्रधाराच्या वाणीइतकेच त्याच्या मौनालाही काम आहे.

शिक्षकाने स्वतःला पडद्यावर पाहण्याचा इतिहास या सर्वांहून निराळा. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत बसविली: मोजके विद्यार्थी, काही मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, त्याचे मुद्रण, ते पाहून चर्चा, आणि मग पुन्हा पाठ. सत्तरीच्या दशकात ती आपल्या बी.एड. महाविद्यालयांत रुजली, पण मुद्रणाची यंत्रे महाग असल्याने पाहणे गळाले, आणि मुलांच्या जागी सहाध्यायीच बाकांवर बसू लागले. उरला तो प्रश्नकौशल्य, फलकलेखन, प्रबलन अशा रकान्यांचा तक्ता, ज्यात निरीक्षकाने खुणा करायच्या. ज्या यंत्राच्या अभावी ही पद्धत निम्मी झाली ते आता प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात आहे, तरी तक्ता पूर्ववत चालू आहे.

चित्रपुस्तकाच्या बाबतीत तर याहून थेट दाखला उपलब्ध आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांच्या पालकांना वाचनाची एक रीत शिकविली होती: स्वतः कमी बोलावे, ‘हो’ किंवा ‘नाही’त न संपणारे प्रश्न विचारावेत, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते त्याला परत द्यावे, आणि हळूहळू त्यालाच कथकाच्या जागी आणून बसवावे. चार आठवड्यांत त्या मुलांची भाषा तुलनेच्या गटातील मुलांहून स्पष्टपणे पुढे गेली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात मातांना हीच रीत चित्रफीत दाखवून शिकविली, तेव्हा ते शिक्षण प्रत्यक्ष शिकविण्याहून उणे ठरले नाही. काही कसोट्यांवर ते सरसच उतरले. याचे कारण मला उघड दिसते. शिकविणारा रीत वर्णून सांगतो. चित्रफितीत मुलाचे अडखळणे, त्याची नजर पानाच्या कोपऱ्याकडे जाणे, आईचा तोंडात आलेला शब्द तिने गिळणे, हे सारे घडताना दिसते, आणि या गोष्टी वर्णनात येतच नाहीत. पुढे मिरियम शेरिन आणि एलिझाबेथ व्हॅन एस यांनी गणिताच्या शिक्षकांना एकमेकांच्या वर्गांची दृश्ये एकत्र बसून पाहायला लावली, तेव्हा आरंभी शिक्षकाच्या कृतीवर बोलणारी ती मंडळी काही काळाने मुलांच्या विचारांवर बोलू लागली. आपल्या विषयाला लागू पडणारे याहून मोलाचे निरीक्षण मला ठाऊक नाही.

आपल्याकडील लाट मात्र अशा कोणत्याही अभ्यासातून उठली नाही. ती आपत्तीतून आली. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे राज्याचे धोरण ठरले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका दिसू लागली, आणि प्रथम बुक्सच्या सहकार्याने चाललेल्या ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून दर आठवड्याला गोष्टीची पुस्तके व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर जाऊ लागली. २०१५ पासून स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेली चित्रपुस्तके या निमित्ताने प्रथमच मोठ्या प्रमाणावर जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोचली. शिक्षकांनी, आणि विशेषेकरून शिक्षिकांनी, स्वयंपाकाच्या ओट्याला मोबाइल टेकवून, घरची कामे आवरल्यावर, मुलांना झोपवून ती वाचली. कोणी अहिराणीत, कोणी वऱ्हाडीत, कोणी मालवणीत समजावीत वाचली. पाठ्यपुस्तकाच्या भाषेपाशी बुजणाऱ्या मुलाला आपल्या घरची बोली पुस्तकासह ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हे. या श्रमांविषयी मला नितांत आदर आहे, आणि पुढील टीका त्या आदरापोटीच केली आहे असे वाचकांनी मानावे.

या चित्रफिती एकामागून एक पाहत गेले असता प्रथम जाणवते ती निःशब्दतेची भीती. पार्श्वसंगीत आरंभापासून अखेरपर्यंत थांबत नाही, चित्रावर चांदण्या चमकतात, कडांवर वेलबुट्टी सरकते, आणि जेथे चित्रकाराने मुद्दाम काहीच लिहू दिलेले नाही तेथे वाचणारा स्वतःची वाक्ये घालून जागा भरून काढतो. सूर बहुधा लाडिक असतो. घरात कोणीही मुलांशी ज्या सुरात बोलत नाही तो सूर कॅमेऱ्यासमोर का उमटावा, हे एक कोडेच आहे. शाळेचे नाव, केंद्र, तालुका, जिल्हा हे सारे अर्धे मिनिट पडद्यावर राहते, लेखकाचे नाव वाचले जाते, आणि चित्रकाराचे नाव राहून जाते. ज्या कलाकृतीचे अर्धे कर्तृत्व चित्रकाराचे, तिच्या वाचनात त्याचे नावही न येणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नसून चित्रांकडे पाहण्याच्या आपल्या सवयीचा निदर्शक आहे. शेवटी ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न ठरलेला, आणि त्याचे उत्तरही वाचणाऱ्यानेच द्यायचे. इसापाच्या काळापासून चालत आलेले हे तात्पर्य चित्रपुस्तकाच्या अंगाला बसत नाही; रोझीच्या फेरफटक्याचे तात्पर्य सांगू गेल्यास पुस्तकच हातून निसटते.

तरीही करण्यातून शिकणे घडते, याचे एक उदाहरण जवळून पाहायला मिळाले. एका शिक्षिकेने प्रिया कुरियन यांचे ‘अम्माचीज ग्लासेस’ हे तुलिकाने काढलेले शब्दरहित चित्रपुस्तक निवडले होते. चष्मा न सापडलेली केरळी आजी सकाळपासून घरभर एकेक घोटाळा करीत जाते, एवढाच विषय. मजकूर नाही, म्हणून आडोसाही नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी केलेल्या पहिल्या चित्रफितीत बाईंनी प्रत्येक चित्राची अथपासून इतिपर्यंत कथा रचली होती: आजीला काय दिसले, तिने ते काय समजून उचलले, तिची फजिती कशी झाली. भाषा चांगली होती, आवाज मोकळा होता, आणि पाहणाऱ्याला करण्यासारखे काही उरले नव्हते. नंतर त्यांनी तेच पुस्तक दुसरीच्या वर्गात वाचले आणि मोबाइल खिडकीत ठेवून जे घडले ते तसेच मुद्रित केले. त्या मुद्रणात एक मुलगा मागून विचारतो, ‘बाई, तिला आपण दिसत असू का?’ बाई पान उलटतात. थोड्या वेळाने तो पुन्हा तेच विचारतो, आणि बाई पुढे जातात. हा प्रश्न आपण वर्गात ऐकलाच नव्हता, तो प्रथम मुद्रणात ऐकला, असे त्यांनी मला सांगितले. पुस्तकातील पात्राची दृष्टी आणि वाचकाची दृष्टी यांचा संबंध काय, हा चित्रकलेच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न एका सात वर्षांच्या मुलाने विचारला होता. नंतरच्या चित्रफितीत बाईंनी कथा जवळजवळ सोडून दिली. काही पानांवर त्या काहीच बोलत नाहीत, आणि एका पानावर फक्त ‘आजीला हे काय वाटलं असेल?’ एवढे विचारून उत्तर न देता थांबतात.

हे थांबणे वाटते तितके सोपे नाही. मेरी बड रो यांनी अमेरिकन वर्गांतील पाठांच्या ध्वनिमुद्रणांवरून १९७० च्या सुमारास दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास वाट पाहतात, आणि ती प्रतीक्षा तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात, आणि मुले एकमेकांच्या बोलण्याला धरून बोलू लागतात. वाट पाहणाऱ्याला तीन सेकंद फार मोठे वाटतात. आपण एकच सेकंद थांबलो हे त्याला कोणी सांगून पटत नाही, मुद्रणातच ते दिसते. मुलांसाठी एकट्याने केलेली चित्रफीत शिक्षकाला चित्र पाहायला शिकविते, परंतु मुलाचे उत्तर ऐकायला ती शिकवू शकत नाही, कारण तीत मूल नाही. शाळा पुन्हा उघडल्यावर कॅमेरा वर्गात यायला हवा होता. आपण तो बंद करून ठेवला, अथवा समारंभांकडे वळविला.

याला आपली दप्तरी रीतही कारणीभूत आहे. उपक्रमाचे परिपत्रक निघाले की त्याच्या अंमलबजावणीचा पुरावा मागितला जातो, आणि लिंक हा पुरावा म्हणून फार सोयीचा. वरिष्ठांनी पाहावी म्हणून केलेल्या चित्रफितीत कोणता शिक्षक आपली घाई, आपला न ऐकलेला प्रश्न, वर्गातला गोंगाट ठेवील? तो ते कापूनच टाकणार, आणि शिकण्याजोगे जे होते ते त्या कापलेल्या भागातच राहणार. वर्गाचे मुद्रण म्हणून शाळेबाहेर जाताच कामा नये. मुलांच्या चेहऱ्यांचा आणि पालकांच्या संमतीचा विचार करताही हेच उचित आहे. त्यात आणखी एक सोय आहे. प्रसारित करावयाच्या चित्रफितींत मुक्त परवान्याची पुस्तके पुन्हा पुन्हा येतात, कारण इतर पुस्तकांना प्रकाशकाची अनुमती लागते. परिणामी माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या, मराठी घरातील बारीकसारीक व्यवहार चित्रात आणि शब्दात सारख्याच ताकदीने उतरविणाऱ्या लेखिका-चित्रकर्तीची पुस्तके या सगळ्या खटाटोपाबाहेर राहतात. चार शिक्षकांनी आपसात अभ्यासण्यासाठी केलेल्या मुद्रणाला ही अडचण क्वचितच पडेल.

अनुकरणीय कामाची उणीव नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या क्वेस्टने ‘गोष्टरंग’मधून नटांच्या द्वारे आदिवासी मुलांपर्यंत पुस्तके नेली आहेत, गोव्यात बुकवर्मने २००५ पासून ग्रंथालयातील प्रकट वाचनाची जी चोख शिस्त घडविली, तिचा लाभ ग्रंथालय-शिक्षकांच्या प्रशिक्षणाला झाला आहे. या मंडळींच्या वाचनात पुस्तक आणि मूल यांच्यामधून वाचणारा बाजूला सरतो, आणि तो सरावाने सरतो. तो सराव शासकीय अध्यापक विद्यालयांत नेण्यास नव्या तरतुदीची गरज मला दिसत नाही. डी.एल.एड.च्या छात्रसेवाकालात आज जी पाठटाचणे जमा होतात, त्यांतील एकाच्या जागी चित्रपुस्तकाच्या वर्गवाचनाचे पाच मिनिटांचे, कोठेही न कापलेले मुद्रण घ्यावे, आणि त्यासोबत त्यातील संभाषण, मुलांच्या अर्धवट वाक्यांसह आणि मधल्या शांततेच्या सेकंदांसह, छात्राध्यापकाने स्वहस्ते उतरवून काढलेली दोन पाने घ्यावीत. ती पाने वाचून झाली की मुद्रण पुसून टाकण्यास हरकत नाही; मात्र गुण देताना परीक्षकाने छात्राध्यापकाची वाक्ये बाजूला ठेवून आधी मुलांची वाक्ये वाचावीत.